आमची वाटचाल : संवादाच्या पानापासून निर्मितीपर्यंत

मालिकेच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन नावं वेगवेगळी येतात. आमची सुरुवात तिसऱ्या नावापासून झाली. कथा-पटकथेच्या बैठका वाहिनीबरोबर मुंबईत होतात, संवाद मात्र इथं बेळगावच्या टिळकवाडीत बसूनही लिहिता येतात. अर्ध्या तासाचा भाग जाहिराती वगळून साधारण 22 मिनिटांचा. वन-लाइन, म्हणजे भागातल्या प्रसंगांचा थोडक्यात आराखडा, मंजूर झाली की पानं दुसऱ्या दिवशी सेटवर हवीत.

पहिलं अडलं ते फॉन्टवर. कृतिदेवमध्ये टाइप केलेलं पान, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांची खिचडी होऊन उघडतं. आता सगळं युनिकोडमध्ये, सोबत पीडीएफ. मग भाषा. ‘काय करायलास?’ हे इथं रोजचं बोलणं; पण सगळ्याच पात्रांच्या तोंडी घातलं की बाहेरचे नट त्याची नक्कल करू लागतात आणि गंभीर प्रसंगाला हशा येतो. म्हणून बोलीतली क्रियापदं एकाच पात्राला. बाकीच्यांना ‘होय की’, ‘आक्का’ एवढंच पुरतं.

निर्मितीत उतरल्यावर लेखणी हिशेबी झाली. ‘मुसळधार पाऊस. ती पडवीत उभी.’ लिहायला एक ओळ. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाला काय तोटा? पण खरा पाऊस कॅमेऱ्यात जवळजवळ दिसतच नाही. थेंबांच्या मागून दिवा मारावा लागतो. कौलांवरच्या आवाजात जागेवरचे संवाद बुडतात, म्हणजे डबिंग आलं. दुसऱ्या टेकला पाऊस उघडलेला असतो. त्यामुळे भर जुलैतही पाण्याचा टँकर मागवायचा आणि एकसारख्या तीन साड्या घ्यायच्या, कारण प्रत्येक टेकला कोरडी लागते. हल्ली आम्ही तोच सीन असा लिहितो: दार लोटलेलं, बाहेर पावसाचा आवाज, ती केस पुसत आत येते. आवाज नंतर भरतो, भिजते एकच साडी.

जागांचंही तसंच. सोपा, माजघर, परडं एकाच वाड्यात मिळाली तर गाड्या हलत नाहीत आणि दिवसातले दोन तास वाचतात. परवानगी जंगलासाठी वनखात्याची, संरक्षित वास्तूसाठी पुरातत्त्व खात्याची. राज्याच्या कचेरीत कानडीतला अर्ज लवकर हलतो, हा आमचा अनुभव.

पैशाचं मात्र आधी पक्कं करावं. भाग प्रसारित झाल्यावर 90 दिवसांनी मानधन, ही या धंद्यातली सर्रास रीत. म्हणजे नव्या लेखकाच्या हातात पहिले तीन महिने काही येत नाही. काम मध्येच सुटलं तर लिहून दिलेल्या भागांचे पैसे कधी मिळणार आणि श्रेय कोणत्या शब्दांत येणार, हे सहीपूर्वी करारात यावं. रॉयल्टीचा लेखकाचा हक्क 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनं राखलेला आहे. तो सोडून देण्याचं कलम दिसलं तर विचारावं.

कथा पाठवण्याआधी आम्ही ती मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवतो. नुसत्या कल्पनेला कायद्याचं संरक्षण नाही, लिहिलेल्या मांडणीला आहे. म्हणून दोन ओळींचा सारांश नव्हे, पात्रं आणि प्रसंगांसह निदान आठ-दहा पानं नोंदवायची.