जाळी

नेरूळला बहिणीकडे आमरस जरा जास्तच झाला होता. पंख्याखाली दिवाणावर आडवी झाले होते आणि समोर भाचा टीव्हीवर बास्केटबॉल खेळत होता. दहावीचा निकाल लागायचाय, तोवर त्याला कोणी काही बोलत नाही. डोळा लागता लागता कानावर आवाज आला, सर्रक. चेंडू रिंगला न शिवता जाळीतून खाली आल्याचा. मी उठूनच बसले.

"काय गं मावशी?"

"जाळी आहे की रे!"

"असणारच ना," म्हणाला, आणि दुसरा रिमोट माझ्या हातात दिला. (कंट्रोलर म्हणायचं असतं.) या खेळाचं नाव माझ्या लक्षात राहत नाही. शेवटी कुठलासा आकडा असतो आणि दर वर्षी नवा निघतो, कालनिर्णयसारखा.

खोटं कशाला बोलू, मजा आली. यात माणसं दमतात, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. पळायचं बटण सारखं दाबून ठेवलं की खेळाडूच्या नावाखालची पट्टी आटत जाते आणि मग रिंगजवळून टाकायचा साधा लेअपसुद्धा चुकतो. प्रत्येकाची खोडही त्याच्याबरोबर येते. जुन्या संघांमधून मी शकील ओनील घेतला, दांडगा दिसला म्हणून. भाचा मुद्दाम त्यालाच फाउल करायला लागला. खऱ्या सामन्यांतही प्रतिस्पर्धी हेच करायचे, कारण फाउल झाल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या फेकी, म्हणजे फ्री थ्रो, हा पहाड शंभरातले जेमतेम ५३ आत घालायचा. माझ्या हातात आल्यावर तेवढेही पडेनात. बायकांचे संघपण आहेत. डब्ल्यूएनबीए, म्हणजे अमेरिकेतली बायकांची लीग, सुरू झाली १९९७ मध्ये आणि एनबीए लाइव्ह नावाच्या अशाच एका गेममध्ये तिचे संघ यायला २०१७ उजाडलं, पण आल्या बाई एकदाच्या.

बाकी रडगाणं आहेच. स्वतःचा खेळाडू बनवायचा तर तो आधी इतका ढ असतो की बघवत नाही. त्याला शहाणा करायला एकतर महिनोन्‌महिने घासा, नाहीतर खरे पैसे मोजून खोटी नाणी घ्या. बहिणीने कार्ड कपाटात कुलूप लावून ठेवलंय. आणि शेवटच्या दोन मिनिटांत कॉम्प्युटरचा एकूण एक शॉट आत कसा जातो, हे त्यालाच ठाऊक.

पण माझा डोळा त्या जाळीवरून हलेना. शुभ्र, घट्ट, एकही दोरा तुटलेला नाही.

आमच्या शाळेच्या मैदानावर दोन रिंगा होत्या, खाडीच्या वाऱ्याने गंजून तपकिरी झालेल्या. जूनमध्ये कधी नवी जाळी लागलीच तर गणपतीपर्यंत तिचे दोन दोरे लोंबत असायचे, दिवाळीत तेही नाहीत. उरलेलं वर्ष नुसतं कडं. आणि कड्यातून चेंडू गेला की नाही हे कळणं महाकठीण. नेस्मिथने १८९१ मध्ये हा खेळ काढला तेव्हा दहा फुटांवर पीचच्या टोपल्या टांगल्या होत्या, चांगल्या बूड असलेल्या. चेंडू पडला की आतच बसायचा, वर चढून काढावा लागायचा. वाद घालायची सोयच नाही. पुढे कोणीतरी बूड काढलं, जाळी आली, आणि आमच्याकडे जाळीही गेली.

नववीत होते. वाशीच्या एका शाळेशी सामना, आम्ही एका गुणाने मागे, आणि चेंडू माझ्याकडे, डाव्या कोपऱ्यात. तो चेंडूही असा गुळगुळीत की घामेजल्या हातात साबणासारखा. मी टाकला. वर गेला, खाली आला, सिमेंटवर आपटला. आमच्या पोरी ओरडल्या, "गेला!" त्यांच्या ओरडल्या, "बाहेरून!" सर तेवढ्यात घड्याळ बघत होते. त्यांची कॅप्टन म्हणाली, रिंग हललीसुद्धा नाही, मग गेला कसा? अगं बाई, स्वच्छ गेला म्हणूनच हलली नाही! आता हे कसं सिद्ध करणार? बिनजाळीच्या रिंगमधून अगदी नेमका गेलेला आणि साफ हुकलेला चेंडू सारखाच दिसतो. सरांनी मान हलवली. हरलो.

टीव्हीवर माझ्या खेळाडूने तसाच कोपऱ्यातून टाकला. सर्रक. मग तोच शॉट पुन्हा हळूहळू दाखवला, एकदा समोरून, एकदा वरून. मी भाच्याला म्हटलं, हे असं दाखवणारं तेव्हा कोणी असतं ना, तर जिल्ह्यापर्यंत गेलो असतो आम्ही. आणि मग ती सगळी हकीकत त्याला सांगितली, कोपरा, सरांचं घड्याळ, सगळी.

"मग खरंच गेला होता?"

"गेला होता."

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज थांबला. बहीण ओल्या हातांनी दारात आली. "नव्हता गं गेला, ताई. मी त्याच बाजूच्या भिंतीवर बसले होते. कड्याच्या बाहेरून गेला, वीतभर." आणि परत आत गेली.

इतकी वर्षं एक अक्षर बोलली नव्हती.

भाच्याने गेम पॉज केला. मी म्हटलं, चालू कर रे. ती तेव्हा पाचवीत होती, तिला काय कळतंय.