उत्तर तिनेच का द्यायचं?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

डोकं अजून शांत झालेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

इथे अमेरिकेत, आमच्या विद्यापीठातली दुसऱ्या वर्षाची एक ज्यू विद्यार्थिनी आज माझ्या ऑफिसात आली होती. वसतिगृहातल्या तिच्या खोलीच्या चौकटीवरची मेझुझा कुणीतरी रात्री उचकटून नेली. मेझुझा म्हणजे काय ते ती मला समजावून सांगू लागली. मी म्हटलं, मला माहीत आहे. आमच्या रेवदंड्याला शेजारच्या बेने इस्रायली काकांच्या दारावर तशीच लांबट डबी होती. आत चर्मपत्रावर हाताने लिहिलेली तोरातली, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथातली वचनं. काका येता-जाता तिला बोटं लावून ओठांना टेकवायचे. कोकणात शेकडो वर्षं ज्यू राहत आले, मराठीच बोलत आले, तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं, हे तिने कधी ऐकलंच नव्हतं. ऐकता ऐकता ती जरा सैल झाली. मग तिने खरा प्रश्न विचारला: "आता मजल्यावरच्या मुली मला गाझाबद्दल विचारतील. काय सांगू?"

वस्तू गेली तिची, आणि जाब द्यायची तयारीही तिनेच करायची! ही मुलगी ओहायोत जन्मली, वाढली. इस्रायलच्या सरकारला तिने मत दिलेलं नाही, देऊही शकत नाही.

मी तिला सांगितलं, आज कुणालाही काही सांगायचं नाही. आधी चौकटीचा फोटो, खिळ्यांच्या खुणांसकट. तारीख, वेळ, शेवटचं कधी पाहिलं, कुणाच्या लक्षात आलं. मग वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांकडे तक्रार, तोंडी नाही, लेखी. भिंतीवर स्वस्तिक खरडलेलं सापडलं तरी मुलं आधी ते पुसून टाकतात, लाजेने किंवा भीतीने. पुसण्याआधी फोटो काढा, हे मी प्रत्येकाला सांगते. (हे हिटलरचं चिन्ह, आपल्या उंबऱ्यावरच्या स्वस्तिकाशी त्याचा संबंध नाही, हेही इथे वारंवार सांगावं लागतं.)

कायदा तिच्या बाजूने आहे, हेही मुलांना ठाऊक नसतं. अमेरिकेच्या १९६४च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणानुसार सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत वंश, वर्ण किंवा राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभाव करता येत नाही. त्यात धर्माचा उल्लेख नाही. पण २००४पासून शिक्षण खात्याने त्याचा अर्थ असा लावला की समान वांशिक वारशावरून छळ होत असेल तर ज्यू, शीख, अरब मुस्लिम अशा सगळ्या विद्यार्थ्यांना त्याचं संरक्षण आहे. विद्यापीठाने हात झटकले तर घटनेपासून १८० दिवसांत खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे जाता येतं. याच कायद्याचा आधार मी हिजाबवरून छळ झालेल्या एका मुलीलाही घ्यायला लावला होता.

मात्र ज्यू मुलांना न आवडणारी प्रत्येक गोष्ट या कायद्यात बसत नाही, आणि तेही मी त्यांना स्पष्ट सांगते. इस्रायलच्या सरकारवर टीका, युद्धाविरुद्ध मोर्चा, कडक घोषणा हे मत आहे. सरकारी विद्यापीठाला त्याबद्दल कुणाला शिक्षा करता येत नाही, आणि करूही नये. पण एखाद्याच्या गळ्यातला सहा टोकांचा ज्यू तारा पाहून त्याला अभ्यासगटातून काढणं, वाट अडवणं, दारावरची खूण उचकटणं हे मत नव्हे. ७ ऑक्टोबर २०२३ला हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसं मारली गेली. नंतरच्या युद्धात गाझात हजारोंच्या हजारो गेली. त्या दुःखाच्या गदारोळात ही रेषा फार लोकांना दिसेनाशी झाली. हल्ल्याच्याच महिन्यात कॉर्नेल विद्यापीठात ज्यू विद्यार्थी जिथे जेवतात ती खानावळच गोळीबाराने उडवण्याच्या धमक्या ऑनलाइन आल्या. धमक्या देणारा त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी निघाला. पुढे त्याला २१ महिन्यांची कैद झाली.

गेल्या शुक्रवारी इथल्या हिलेलमध्ये शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या जेवणाला गेले होते. ज्यू विद्यार्थ्यांची ही संस्था १९२३ साली इलिनॉय विद्यापीठात सुरू झाली. टेबलावर दोघं गाझावरून तावातावाने भांडत होते, एक युद्धाच्या पूर्ण विरोधात, दुसरा समर्थनात. बाहेर पडताना दोघांनीही गळ्यातली साखळी शर्टाच्या आत ढकलली. ज्याला त्रास द्यायचा आहे, तो आधी मत विचारत बसत नाही.

म्हणूनच ज्यू मुलांकडून ठरावीक प्रश्नांची ठरावीक उत्तरं पाठ करून घेणारी शिबिरं मला पटत नाहीत. मुलं तिथून वकील होऊन परततात, आधार मात्र मिळालेला नसतो. आधार देतं ते शेजारचं माणूस. आजच्या मुलीची रूममेट ज्यू नाही, पण तिने स्वतःहून साक्ष लिहून द्यायची तयारी दाखवली. तेवढ्याने त्या मुलीचा चेहरा बदलला. माझ्या कुठल्याही सल्ल्याने तो बदलला नव्हता.

आपल्याकडून येणाऱ्या मुलांशीही मला बोलायचं आहे. आपल्याकडे फुटपाथवर हिटलरचं आत्मचरित्र इतर पुस्तकांच्या शेजारी सहज मांडलेलं असतं. "हिटलरसारखा कडक" हे कौतुकाने म्हटलं जातं. साठ लाख ज्यू माणसं त्या राजवटीने मारली, हे शाळेत एका ओळीत उरकलेलं असतं. मग पुण्याहून आलेला हुशार मुलगा लॅबमध्ये तसा विनोद करतो आणि समोरच्या मुलीच्या पणजीचं अख्खं कुटुंब त्यात गेलेलं असतं. त्याच्या मनात द्वेष नसतो, पण तिला ते कसं कळावं? ऑगस्टमध्ये नवी भारतीय मुलं येतील तेव्हा उद्बोधन कार्यक्रमात या विषयाला अर्धा तास हवाच. उद्या सकाळी विभागप्रमुखांना तसं लिहिते, आणि रूममेटची साक्षही उद्याच तक्रारीला जोडून घेते.