अख्खी इमारत झाकणारी जाहिरात: स्पर्धेच्या दिवसांत परवानगी नेमकी कुणाची?

मोठी स्पर्धा शहरात येणार म्हटलं की मोक्याच्या इमारतींच्या मालकांना फोन सुरू होतात. वीस मजली इमारतीची एक बाजू महिनाभर द्या, एवढंच मागणं असतं. मालकाचा होकार, चांगलं चित्र, चांगला छपाईवाला आणि दोरावर लटकून काम करणारी टोळी जमली की काम झालं, असं वरवर वाटतं. प्रत्यक्षात असली कामं अडकतात ती दोन नियमपुस्तकांच्या गोंधळात.

पहिलं पुस्तक शहराचं. फलक केवढा, कुठे, किती दिवस, कशाने बांधलेला, आग लागली तर काय, हे त्यात असतं. दुसरं पुस्तक स्पर्धेच्या आयोजकांचं, म्हणजे कुठल्या ब्रँडचं नाव दिसायचं आणि कुणाचं नाही. पहिलं सगळ्यांना लागू असतं. दुसरं मुळात आयोजक आणि त्यांचे प्रायोजक यांच्यातला करार. त्यावर सही न केलेल्या तिसऱ्या माणसाला ते तेव्हाच बांधतं, जेव्हा एखादा कायदा त्याला तसं बळ देतो. म्हणून अर्ज भरण्याआधी पहिला प्रश्न हा विचारावा: या शहरात दुसऱ्या पुस्तकाला कायद्याचा आधार आहे का, आणि असला तर कुठल्या रस्त्यापासून कुठल्या रस्त्यापर्यंत, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत?

ऑलिंपिक सनदेचा ५० वा नियम स्टेडियमच्या आत आणि त्याच्या वरच्या आकाशात जाहिरात चालू देत नाही. स्टेडियमबाहेरच्या गावाबद्दल तो नियम स्वतःहून काही करू शकत नाही. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हे ढळढळीत दिसलं. नायकी अधिकृत प्रायोजक नव्हती, पण शहरभरचे फलक तिने घेऊन ठेवले होते आणि पाहणाऱ्यांना स्पर्धा जणू तिचीच वाटली. त्यानंतर आयोजकांनी यजमान शहराकडे जाहिरातींच्या जागांवर ताबा मागण्याची पद्धत घट्ट होत गेली. यालाच धंद्यात ‘क्लीन सिटी’ किंवा ‘क्लीन झोन’ म्हणतात. नाव फसवं आहे. झोन जाहिरातमुक्त नसतो, फक्त परक्या ब्रँडपासून मुक्त असतो.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी ब्रिटनने हे संसदेतून केलं. २००६ चा ऑलिंपिक कायदा आणि त्याखालचे २०११ चे नियम यांनी प्रत्येक क्रीडास्थळाभोवती ठरावीक पट्टे आखले. पट्ट्यात, ठरलेल्या दिवसांत, परवानगीशिवाय जाहिरात केली तर कनिष्ठ न्यायालयात २०,००० पौंडांपर्यंत दंड आणि वरच्या न्यायालयात दंडाला मर्यादाच नाही. इमारतवाल्यांनी यातली एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी: जबाबदार फक्त जाहिरातदार नव्हता, जागेचा मालक आणि वापरणाराही होता. भाडं घेऊन हात झटकायची सोय तिथे नव्हती. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी ब्राझीलने २०१२ मध्ये केलेल्या कायद्याने स्टेडियमभोवती जास्तीत जास्त २ किलोमीटरचा पट्टा धरला, पण आधीपासून रीतसर चालू असलेल्या दुकानांचा धंदा, स्पर्धेशी नातं न दाखवण्याच्या अटीवर, अबाधित ठेवला. गंमत म्हणजे त्या विश्वचषकाचा पहिला सामना साओ पावलोत झाला. या शहराने २००७ पासूनच इमारतींवरच्या जाहिराती उतरवल्या होत्या, तेही स्पर्धेशी काही संबंध नसताना.

जिथे असा कायदा नाही, तिथे शहर कधी कधी ठराव करून आयोजकांनाच परवानगीच्या खिडकीत बसवतं. ही वाट खचते. २०२३ च्या सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या आधी अमेरिकेतल्या फिनिक्स शहराने मध्यवस्तीतल्या सुमारे दोन चौरस मैलांत तात्पुरत्या फलकांसाठी त्या खेळाच्या लीगची किंवा यजमान समितीची मंजुरी सक्तीची केली. सामना प्रत्यक्षात शेजारच्या ग्लेनडेलमध्ये होता! एका जागामालकाने दावा लावला आणि सामन्याच्या आधीच न्यायालयाने हा बंदोबस्त घटनाबाह्य ठरवला. कारणं दोन: अभिव्यक्तीवर गदा, आणि सरकारचा अधिकार खासगी संस्थेच्या हाती. कॅनडातल्या व्हँकुव्हरनेही २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी २००९ मध्ये केलेल्या नियमावरून न्यायालयात आव्हान ओढवून घेतलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नियमाचे शब्द आवळून बंधन व्यावसायिक फलकांपुरतं आणलं.

माझं मत सरळ आहे. कापड, दोर, खिडक्या आणि तारखा यांवर शहराने हवं तेवढं कडक व्हावं. चित्रात कुणाचं नाव आहे हे शहराने तपासायला घेतलं की भांडण उभं राहतंच. अमेरिकेत तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या ‘रीड विरुद्ध गिल्बर्ट’ निकालानंतर फलकावरच्या मजकुरानुसार वेगळा नियम लावणं फार कठीण झालंय. २०२२ च्या ऑस्टिन प्रकरणात मात्र ‘इथल्याच धंद्याची जाहिरात’ आणि ‘दुसरीकडच्या धंद्याची जाहिरात’ हा फरक न्यायालयाने चालवून घेतला. इमारतीवरच्या महाकाय जाहिरातीचा पहिला अडसर तोच फरक असतो. इमारतीत ज्याचं ऑफिस आहे त्याचं नाव एका वर्गात येतं, शीतपेयाची बाटली दुसऱ्या. दुसऱ्या वर्गाला बऱ्याच शहरांत एरवी बंदी असते आणि स्पर्धेपुरती खिडकी उघडते. ही खिडकी बहुधा तीन दोऱ्यांनी बांधलेली असते: ठरावीक भाग, ठरावीक दिवस आणि ‘स्पर्धेचं चित्र’. तिसरी दोरी नीट वाचावी. काही ठिकाणी स्पर्धेचं स्वागत करणाऱ्या चित्राला वाव असतो आणि प्रायोजकाच्या नावाला क्षेत्रफळाचा ठरावीक हिस्साच मिळतो. २०१२ च्या सुपर बोलला इंडियानापोलिसच्या जेडब्ल्यू मॅरियट हॉटेलच्या काचेवर विजेत्याची ट्रॉफी झळकली होती, ते या जातीच्या चित्राचं नेमकं उदाहरण.

हिस्सा मोजायचा कसा, हे आधी लेखी विचारून घ्या. लोगोभोवती आयत काढून मोजणार की फक्त अक्षरांचं क्षेत्रफळ धरणार, यावरून उत्तर दुपटीने बदलतं. फ्रान्समध्ये दुरुस्तीखालच्या ऐतिहासिक वास्तूंच्या परांचीवरच्या कापडाला २००७ पासून जाहिरात चालते, पण कापडाच्या निम्म्याहून जास्त भागावर नाही. ५० टक्के म्हणजे किती चौरस मीटर, हे तिथेही नकाशावर दाखवावंच लागतं.

आता कागद. इमारतीच्या मालकाचं संमतिपत्र (सोसायटी किंवा अनेक मालक असतील तर प्रत्येकाचं), दर्शनी भागाचं मापासहित रेखाटन, चित्र बसवलेला फोटो, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सही-शिक्क्याचं वाऱ्याच्या भाराचं गणित, कापडाचा अग्निरोधक दाखला, विम्याची प्रत, फुटपाथ किंवा लेन बंद ठेवण्याची वेगळी परवानगी, आणि उतरवण्याची तारीख व त्यासाठीची अनामत. अग्निरोधक दाखल्याबाबत एक नेहमीची चूक सांगतो. दाखला कोऱ्या कापडाचा जोडतात, लावतात मात्र छापलेलं आणि वर लॅमिनेट (पारदर्शक संरक्षक थर) चढवलेलं. युरोपात ‘बी-एस१, डी०’ ही श्रेणी आणि अमेरिकेत ‘एनएफपीए ७०१’ ही चाचणी मागतात. एकाचा दाखला दुसरीकडे चालेल असं धरू नका, कारण चाचणीची पद्धतच निराळी आहे.

वाऱ्याचं गणित इथे थोडं सविस्तर मांडतो, कारण अर्ज परत येण्याचं आणि कापड फाटण्याचं कारण बहुतेक वेळा हेच. वाऱ्याचा मूळ दाब, न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये, म्हणजे ०.६१३ गुणिले वेगाचा वर्ग (वेग मीटर प्रति सेकंद). ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. दाब आला ३८३. कापड २० बाय ३० मीटर असेल तर ६०० चौरस मीटरवर सुमारे २,३०,००० न्यूटन, म्हणजे २३ टनांच्या वजनाएवढा जोर. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. जाळीदार मेशमुळे तो कमी होतो, पण भोकं एक तृतीयांश आहेत म्हणून जोरही एक तृतीयांशाने घटेल असं नाही, घट त्याहून कमी असते.

यापुढची चूक म्हणजे हे २३ टन अँकरच्या (कापड धरून ठेवणाऱ्या, भिंतीत बसवलेल्या बोल्टच्या) संख्येने भागून मोकळं होणं. वारा कापडाला भिंतीवर दाबतो तेव्हा भार भिंत घेते. धोका असतो उलट बाजूने, वारा कापडाला भिंतीपासून बाहेर खेचतो तेव्हा. कापड शिडासारखं फुगतं आणि कडेला बसणारा ताण फुगवट्यावर अवलंबून राहतो. कापड जितकं सपाट ताणलेलं तितकी ओढ जास्त. वरचाच दाब धरून आणि २० मीटरच्या मोकळ्या अंतरावर १ मीटर फुगवटा धरून हिशेब केला तर कडेच्या प्रत्येक मीटरला सुमारे १९ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास दोन टन ओढ येते. तेच कापड दर मजल्याला, ४ मीटरवर मधून पकडलं आणि फुगवटा २० सेंटिमीटर धरला, तर ओढ येते साधारण ३९० किलो. मधले आधार ‘चित्रात दिसतात’ म्हणून काढायला सांगणाऱ्या डिझायनरला हे दोन आकडे दाखवावेत. शिवाय कोपऱ्यांवर आणि गच्चीच्या कडेला खेच भिंतीच्या मधल्या भागापेक्षा जास्त असते, म्हणून तिथे अँकर दाट हवेत. प्रत्येक प्रकारच्या भिंतीत काही अँकर प्रत्यक्ष ओढून तपासा. काँक्रीटमध्ये निघालेला आकडा विटेच्या भरणीत निघणार नाही.

एवढं करूनही फाटतं ते बहुतेक वेळा सैलपणामुळे. पीव्हीसी कापड पहिल्या एक-दोन दिवसांत ताण सोडतं आणि उन्हात आणखी ढिलं पडतं. ढिलं कापड फडफडतं, आणि फडफडणारी आयलेट (दोर ओवायची कडी) एकेक करून कापडातून निघते. लावल्यानंतर २४ ते ४८ तासांनी सगळा ताण पुन्हा तपासण्याची फेरी करारातच लिहून घ्या.

काचेच्या इमारतीवर कापडाऐवजी भोकांची फिल्म चिकटवतात. तिच्या तक्रारी वेगळ्या. वरून लॅमिनेट नसेल तर पावसाचं पाणी भोकांत अडतं आणि आतून बाहेरचं दिसेनासं होतं. गडद रंगामुळे काच असमान तापते. दुपदरी, रंगीत किंवा तार घातलेली काच त्या उष्णतेने तडकू शकते, त्यामुळे काच बनवणाऱ्याचं मत आधीच घ्या. फिल्म रबराच्या किंवा सिलिकॉनच्या सांध्यावरून सलग ओढू नका, चौकटीपाशी कापा, नाहीतर कडा तिथूनच सुटायला लागतात. आणि उघडणाऱ्या खिडक्या, धूर बाहेर सोडण्याच्या झडपा, अग्निशमन दलाने शिडी लावायच्या जागा मोकळ्या ठेवा. लॉस एंजेलिसमध्ये २०१० साली ऑस्कर सोहळ्याच्या तोंडावर हॉलिवूडमधल्या एका इमारतीवर विनापरवाना महाकाय चित्र चढलं, तेव्हा मालकाला अटक झाली आणि जामीन दहा लाख डॉलर ठरला. तिथल्या आक्षेपांत आगीच्या सुरक्षेचा मुद्दा होताच.

छपाईची काळजी त्यामानाने कमी. शंभर मीटरवरून पाहायच्या चित्राला इंचाला २०-३० ठिपके पुरतात, जास्त मागाल तर फाईल जड होईल आणि दिसणार काहीच नाही.

वेळापत्रक उलटं मोजा. इंग्लंडमध्ये जाहिरातीच्या अर्जावर निर्णयाची मुदत ८ आठवड्यांची आहे, आणि एक कागद अपुरा असला तर घड्याळ सुरूच होत नाही. लावण्याच्या कामात वाऱ्याचे दिवस धरा. अमेरिकी नियमांनुसार इमारतीवरचा यांत्रिक पाळणा ताशी ४० किलोमीटरच्या वर वारा असताना चालवता येत नाही, म्हणून चार दिवसांचं काम सात दिवसांत बसवा. सुरक्षा घेरा लागला की क्रेन त्या रस्त्यावर येतच नाही, ती तारीख पोलिसांकडून वेगळी विचारावी लागते.

आधीपासून असलेल्या कायम नावाचं काय, हा प्रश्न हमखास येतो. स्पर्धेचं स्थळ असलेल्या वास्तूचं नाव बदलतं: २००६ च्या फुटबॉल विश्वचषकाला म्युनिचचं अलियांझ अरेना स्पर्धेपुरतं वेगळ्या नावाने ओळखलं गेलं, २०१२ च्या ऑलिंपिकला लंडनचं ‘ओ-टू’ नॉर्थ ग्रीनिच अरेना झालं. शेजारच्या खासगी इमारतीवरचा जुना, परवानगी असलेला फलक ही वेगळी गोष्ट. तो झाका असं कुणी तोंडी सांगितलं तर कायद्याचं कलम आणि भरपाई दोन्ही लेखी मागा. रात्री प्रोजेक्टरने भिंतीवर टाकलेलं चित्रही बऱ्याच ठिकाणी फलकच धरतात. ‘आम्ही काही चिकटवलंच नाही’ हा बचाव टिकत नाही.

उतरवणं सगळे विसरतात. स्पर्धा संपली की दोरवाल्या टोळ्या दुसऱ्या गावी गेलेल्या असतात, मुदत संपते आणि रोजचा दंड सुरू होतो. उतरवणाऱ्या टोळीची तारीख लावणाऱ्या करारातच पक्की करा आणि थोडे पैसे तोवर हातात ठेवा. उन्हाळाभर चिकटून राहिलेली फिल्म गोंद मागे ठेवते. तो काढायचा खर्च, अँकरची भोकं रंग जुळवून बुजवण्याचा खर्च आणि आधी-नंतरचे फोटो, या तिन्ही गोष्टी अनामत परत मागताना लागतात.