आमच्या ठासणीच्या बंदुकीची किंमत

वडील वारले तेव्हा त्यांच्या पीक संरक्षण परवान्यावरची ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची, बंदूक आम्ही नांदेडला एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा केली. परवाना ज्याच्या नावावर तोच गेल्यावर हत्यार घरात ठेवता येत नाही. ठाण्यात नाहीतर अशा दुकानात ठेवून पावती घ्यावी लागते. आमचं शेत किनवटकडे. रानडुकरं आजही येतात, पण आम्हा दोघा भावांना परवाना नको होता. विकायचं ठरलं.

मामा म्हणाले, "एवढी जुनी आहे, लाखाच्या खाली देऊ नका." दुकानदारांनी चार हजार सांगितले. मला रागच आला. त्यांनी शांतपणे बंदूक काउंटरवर घेतली.

आधी नळीत गज सोडला, तोंडाशी बोटाने खूण धरली आणि गज बाहेरून नळीला लावला. नळी रिकामी असती तर तो ठिणगीची टोपी बसते त्या निपलपर्यंत गेला असता, पण चार बोटं अलीकडेच थांबत होता. आत बार ठासलेला होता! काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं तशीच जिवंत राहते. ही बंदूक माझी मुलं दिवाळीला हातात घेऊन फोटो काढायची. माझे पाय लटपटले. त्यांनी दारू भिजवली, गजाला स्क्रू लावून डाट (आत ठासलेला बोळा) आणि छर्रे उपसले, मगच पुढे गेले.

निम्मी किंमत नळीची, असं ते म्हणाले. काळ्या दारूची राख ओल ओढते. बार उडवल्यावर गरम पाण्याने धुऊन तेल लावलं नाही, तर लोखंड आतून खाल्लं जातं. टॉर्च टाकून पाहिलं, तर तळाशी खड्डे पडलेले. शिवाय नळीत रायफलीसारख्या पिळाच्या खोबणी नाहीत. आम्ही घरात तिला रायफल म्हणायचो, ती रायफल नव्हतीच. घोडा अर्ध्यावर ओढून चाप दाबला, तो सुटला नाही, हे चांगलं. दस्त्याला मनगटापाशी चीर, वर तांब्याची तार गुंडाळलेली.

सगळ्यात वाईट वाटलं ते पुढचं. जमा करण्याआधी धाकट्या भावाने चांगली दिसावी म्हणून पॉलिश पेपरने गंज घासला होता. त्यात बनवणाऱ्याचा शिक्का गेला. जुन्या हत्याराचा काळपट रंग तसाच ठेवायचा असतो, हे आम्हाला सांगणारं कुणी नव्हतं. नंबर तेवढा वाचला.

त्या नंबरानेच काम केलं. आजोबांच्या ट्रंकेत उर्दू कागद होता. गावातल्या निवृत्त शिक्षकांनी तो वाचला: निजामाच्या काळातला परवाना, साल १३५० फसली, म्हणजे १९४०-४१. नळीवरचा नंबर त्यात जसाच्या तसा. रझाकारांच्या दिवसांत आजोबा हिच्यासह वेशीवर बसायचे, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण गोष्टीला गिऱ्हाईक पैसे मोजत नाही, कागदाला मोजतं.

जुन्या हत्यारांची आवड असलेला, वैध परवाना असलेला एकजण दुकानदारांनी पाहिला. नऊ हजारांवर ठरलं. विकतोय असं ठाण्याला लेखी कळवल्यावर ४५ दिवस थांबावं लागतं. आज एकविसावा दिवस. मूळ कागद बंदुकीसोबत जाणार, म्हणून त्याची रंगीत झेरॉक्स काढून मी आईजवळ दिली आहे.