80 पैकी 19

गावातल्या एका पोराचा रिझल्ट चार दिवसांपूर्वी लागलाय, बीएस्सी फर्स्ट इयर. घरी तो सांगतोय की अजून लागलाच नाही. मला कळलं कारण काल संध्याकाळी शाळेच्या मागच्या भिंतीपाशी तो एकटाच मोबाईल धरून बसला होता आणि मी दिसल्यावर त्याने मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला. ते उलटा ठेवणं मी ओळखतो. मी स्वतः सव्वा महिना तसाच ठेवत होतो. म्हणून आज हे लिहायला बसलोय, जसं आठवेल तसं.

माझी बारावी 2021 ची, म्हणजे ज्या वर्षी बोर्डाची परीक्षाच झाली नाही ती बॅच. दहावीचे 30 टक्के, अकरावीचे 30 टक्के आणि बारावीच्या कॉलेजमधल्या मार्कांचे 40 टक्के असं धरून निकाल लावला, राज्याचा निकाल 99.63 टक्के लागला आणि मला 81 टक्के पडले. मायने पेढे वाटले. पण ते वर्ष कसं गेलं ते मला माहीत होतं ना. घरात स्मार्टफोन एकच, बाबांचा, आणि रेंज यायची फक्त वावराच्या धुऱ्यावरच्या निंबाखाली, त्यामुळे बाबा वावरात असले तर क्लास आणि ते बाजाराला गेले की क्लास बंद. दहावीपर्यंत मराठी मीडियम आणि अकरावीपासून सगळं इंग्रजीत, त्यात समोर सर नाही, नुसत्या पीडीएफ. टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने सोडून त्याची तीव्रता काढायची ते, मी मोबाईलच्या स्क्रीनवर पाहिलेलं. ब्युरेट, ती कॉकवाली मापाची काचनळी, हातात धरलीच नव्हती कधी.

मग यवतमाळला बीएस्सीला ॲडमिशन घेतली, पीसीएम, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. गाव दारव्हा तालुक्यात, येऊन-जाऊन करायचं ठरलं होतं, एसटीच्या पासला तिकिटाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेच पैसे लागतात म्हणून. आणि नेमका 2021 च्या दिवाळीला एसटीचा संप लागला तो एप्रिलपर्यंत चालला. काळी-पिवळीला रोजचे पूर्ण पैसे द्यायचे म्हणजे आठवड्यातले दोन दिवसच परवडायचे. त्या दोन दिवसांत सर जिथपर्यंत पोचलेले असायचे तिथे मला काही कळायचं नाही. सर विचारायचे, समजलं का, आणि आम्ही मागच्या तीन बेंचवरचे सगळे एका सुरात, हो सर. मी तर पाठ करायचो. इक्विव्हॅलंट वेटची डेफिनिशन मला झोपेतून उठवून विचारली असती तरी शब्दन् शब्द सांगितली असती, पण त्या इक्विव्हॅलंटचा अर्थ काय ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे कोणाला विचारायचं तेही नाही.

पहिलं सेमिस्टर मोबाईलवरच झालं, पर्यायवाले प्रश्न, निघून गेलं. दुसऱ्या सेमिस्टरला 2022 च्या उन्हाळी परीक्षेत पहिल्यांदा वर्गात बसून तीन तास पेपर. अकरावीच्या सहामाहीनंतर मी पूर्ण पेपर हाताने लिहिलाच नव्हता, अडीच वर्षांच्या वर झाली होती. दुसऱ्या तासाला बोटं आखडली. पण खरं कारण बोटं नव्हती, लिहायलाच काही नव्हतं.

रिझल्ट लागला सप्टेंबरात. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी सुरू होती, पंप उतरवून धुऱ्यावर ठेवला, हात धुतले तरी औषधाचा वास जात नव्हता, आणि निंबाखाली ती पीडीएफ उघडली. केमिस्ट्री 80 पैकी 19. मॅथ्स 14. फिजिक्स 27. तिन्ही गेले. बाबा पलीकडच्या ओळीत होते, तिथूनच विचारलं, "लागला का बे निकाल?" आणि माझ्या तोंडून निघालं, "नाई अजून."

बस, तिथून सव्वा महिना. रोज सकाळी डबा घेऊन निघायचो, मायला वाटायचं पोरगा शिकतोय. मित्रांचे फोन उचलणं बंद केलं. जेवताना बाबा समोर बसले की घास उतरायचा नाही. आपण ढ आहोत, 81 टक्के फुकटचे होते, बापाच्या सोयाबीनचे पैसे आपण पाण्यात घातले, हेच रात्रभर. नको ते विचारही यायचे डोक्यात. म्हणूनच काल त्या पोराला तसं एकटं बसलेलं पाहून मला रात्री झोप आली नाही.

आता लॅबमधली गोष्ट, कारण माझ्यासाठी सगळं तिथून हललं. सेकंड इयरचे वर्ग सुरू झाले होते. प्रॅक्टिकल होतं, 0.1 नॉर्मलचं (नॉर्मल हे तीव्रतेचं माप) हायड्रोक्लोरिक ॲसिड बनवायचं आणि मग टायट्रेशन. सगळे मागच्या वर्षीच्या रेकॉर्डबुकमधून उतरवत होते, मीही. लॅबमध्ये एक काका होते, असिस्टंट, रिटायरमेंटला आलेले, बाटल्या मांडणं आणि काचसामान मोजून घेणं हे त्यांचं काम. ते बराच वेळ माझ्याकडे पाहत होते. मग जवळ आले.

"शेती हाये का घरी?"

"हाये काका."

"पऱ्हाटीले फवारतं का तू?"

"हो."

"पंप कितीचा?"

"पंधरा लिटरचा."

"औषध किती टाकतं एका पंपाले?"

"तीस मिली."

"अन् दोनशे लिटरचा ड्रम कालवला त?"

"चारशे मिली."

"कसं काढलं?"

मी म्हटलं, लिटरला दोन मिली पडते ना काका, दोनशेला चारशे. ते म्हणाले, "मंग हेच त हाये बापू हे." आणि माझ्या वहीच्या मागच्या पानावर त्यांनी लिहिलं, बाटलीतलं ॲसिड 12 नॉर्मल, तुला पाहिजे 0.1 नॉर्मल 1000 मिली, तर 0.1 गुणिले 1000 भागिले 12. आलं 8.3 मिली. "इतकं ॲसिड अन् बाकी पाणी. अन् पाण्यात ॲसिड टाकाचं, ॲसिडात पाणी नाई."

एन वन व्ही वन इज इक्वल टू एन टू व्ही टू, एन म्हणजे तीव्रता आणि व्ही म्हणजे किती मिली ते. हा फॉर्म्युला मी तीन वर्षं पाठ म्हणत होतो आणि दर पावसाळ्यात वावरात तेच गणित करत होतो, पण ती एकच गोष्ट आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा स्वतः टायट्रेशन केलं. पहिल्या वेळी ब्युरेटचा कॉक जास्त उघडला गेला, फ्लास्क एकदम गडद गुलाबी, म्हणजे जास्त पडलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा काकांनी खाली पांढरा कागद ठेवायला सांगितला, एकेक थेंब सोडत फ्लास्क हलवत गेलो, थेंब पडला की गुलाबी रेघ उठायची आणि विरून जायची, आणि मग एका थेंबाला ती विरलीच नाही. पऱ्हाटीचं फूल पहिल्या दिवशी पांढरट असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडायला लागतं, त्या पडायला लागण्याचा जो रंग तो. ब्युरेटवर 9.8 मिली. पुन्हा केलं, पुन्हा 9.8. मी ती दोन रीडिंगं रेकॉर्डबुकमध्ये लिहिली तेव्हा हात थरथरत होता, खरंच सांगतो.

त्यानंतर सगळंच समजायला लागलं असं नाही झालं. पण मी एक वही केली, फक्त न समजलेल्या शब्दांची. ॲलिक्वॉट म्हणजे मापून काढलेला हिस्सा. इक्विव्हॅलंट म्हणजे बरोबरीचं, कोणाच्या बरोबरीचं ते पुढे. दिवसाला चार-पाच शब्द, मराठीत, माझ्या भाषेत, आणि मगच धडा. जुने पेपर घड्याळ लावून लिहायला लागलो. वाचलेलं आपल्याला येतं असं वाटत असतं, लिहायला बसलं की कळतं कुठे अडलं ते.

घरी सांगावं लागलं ऑक्टोबरच्या शेवटी, फॉर्मचे पैसे पाहिजे होते. रात्रीची लाईन होती, म्हणजे पंपाला वीज रात्रीच, हरभऱ्यासाठी वावर ओलवत होतो, बाबा फावड्याने दांड फोडत होते आणि मी बॅटरी धरून उभा. मी म्हटलं, बाबा, रिझल्ट लागला हाये. तीन विषय गेले.

"कधी लागला?"

"सवा महिना झाला."

ते थांबले. नुसता पाण्याचा आवाज. मग विचारलं, "फॉर्म कधी भराचा हाये?" तारीख सांगितली. "पैशे किती?" सांगितले. "भरून टाक. लेट फी नको लागू देऊ." आणि पुन्हा फावडं उचललं. मला वाटलं झालं, संपलं. पाच-दहा मिनिटांनी पाठमोरेच म्हणाले, "सवा महिना एकलाच घेऊन फिरला का बे हे?"

मी रडलो. अंधार होता म्हणून त्यांना दिसलं नसेल, किंवा दिसलंही असेल.

आमच्याकडे हिवाळी परीक्षा आणि कापसाची वेचणी एकाच वेळी येते. शहरातल्या पोरांना वाचायला सुट्टी मिळते, आमच्याकडे तेव्हाच घरचे सगळे हात लागतात. हे शिकवणाऱ्यांनी एकदा तरी विचारात घ्यावं असं मला मनापासून वाटतं, पोरगा येत नाही म्हणजे त्याला शिकायचं नाही असं नसतं. त्या वर्षी परीक्षेच्या आधीचे सहा दिवस बाबांनी मला वेचायला बोलावलंच नाही. माझ्याऐवजी मजूर लावला हे मला नंतर मायकडून कळलं. वेचणी 10 रुपये किलो होती, मी दिवसाला 40 किलो वेचायचो, म्हणजे 2400 रुपये. बाबा एका शब्दाने बोलले नाहीत.

केमिस्ट्री 47. फिजिक्स 36. मॅथ्स पुन्हा राहिलं, 21. मॅथ्ससाठी एक मित्र भेटला, त्याची बस माझ्या बसच्या आधी वीस मिनिटं असायची, तरी तो स्टँडवर माझ्यासाठी थांबायचा आणि आम्ही बाकड्यावर रोज दोन गणितं सोडवायचो, दोनच. उन्हाळ्यात 34 पडले आणि निघालं. बीएस्सी 2024 ला पूर्ण झाली. मार्क साधारणच आहेत, पण त्यातला एकेक मला समजून मिळालाय.

जुन्या मार्कशीटा मायने ट्रंकेत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्या आहेत, नापास झालेलीसुद्धा. आज सकाळी ती 19 वाली काढली. संध्याकाळी त्या पोराकडे चाललोय. आधी त्याला एकट्याला ती दाखवतो, आणि तो हो म्हणाला तर त्याच्यासोबत त्याच्या बाबांपुढे मीही बसतो.