आज पट्टी उमटली!

इकडे वर्ध्याकडे दुपारी लाइन गेली की लोकांना मोटारपंपाची चिंता, मला फ्रीजरमधल्या अँटिबॉडीची, म्हणजे पी५३ हे पेशीचं राखणदार प्रथिन हुडकून त्याला चिकटणाऱ्या रेणूची. उणे २० अंशांवरच राहावी लागते महाराणीला. जनरेटर सुरू झाला, सुटले.

संध्याकाळी ब्लॉटवर, म्हणजे जेलमध्ये आकारानुसार वेगळी केलेली प्रथिनं उतरवून घेतलेल्या पातळ पडद्यावर, औषध दिलेल्या पेशींच्या लेनमध्ये (रांगेत) ५३ किलोडाल्टनपाशी (हे प्रथिनांच्या वजनाचं माप) पी५३ ची काळीभोर पट्टी! खरं वजन ४४ च्या आसपास, पण त्यातल्या प्रोलिन या अमिनो आम्लामुळे हे प्रथिन जेलमध्ये रेंगाळतं. शेजारच्या, औषध न दिलेल्या पेशींच्या लेनमध्ये जेमतेम सावली. तिथं एमडीएम२ नावाचं दुसरं प्रथिन पी५३ ला टिकूच देत नाही. औषधानं डीएनएला इजा झाली की मग पी५३ साठतं, दुरुस्तीची जनुकं चालू करतं.

घरमालकीण काकू फोटो पाहून म्हणाल्या, "एवढुशा रेघेसाठी दिवसभर उपाशी बसून राहिली काय वं?"

हो ना काकू! आता उद्या ॲक्टिन तपासायचं, म्हणजे दोन्हीकडच्या पेशींत साधारण सारखंच असणारं प्रथिन. दोन्ही लेनमध्ये प्रथिन सारखं भरलंय हे दिसल्याशिवाय सर पट्टीकडे बघणारसुद्धा नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं.