आज्जी हसते तिथंच रीळ झिजलंय

मागच्या पावसाळ्यात शहापूरच्या जुन्या घराचा माळा गळाय लागला म्हणून सगळं सामान खाली काढलं, तर पत्र्याच्या ट्रंकेत आत्याच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट सापडली. १९९३ सालची. कडेचा छोटा प्लॅस्टिकचा तुकडा तोडलेला, म्हणजे कुणी चुकून वर काही रेकॉर्ड करू नये म्हणून. झाकण उचलून बघितलं तर रिळाच्या कडेला पांढरी बुरशी. बेळगावचा पाऊस, दुसरं काय होणार.

आमच्याकडं व्हीसीआर कधीच नव्हता. भाड्यानं आणायचा, एका रात्रीसाठी, बरोबर तीन पिक्चर, आणि उजाडेपर्यंत सगळे जागे. पण पिक्चरच्या आधी ही कॅसेट लागायचीच. हॅलोजनच्या उजेडात डोळे बारीक केलेले पाहुणे, वायर धरून मागं मागं पळणारा पोरगा, पंगतीत जिलबी वाढणारे काका. आणि मग उखाण्याच्या वेळी आज्जी हसते. आज्जी फोटोत कधी हसलेली नाही, पदर तोंडावर घ्यायची, ही एवढीच जागा. तिथं आई ओरडायची, "थांबीव की, थांबीव!" मग पॉज. आज्जी गेल्यावर तर पाच-पाच मिनिटं पॉज, मशीन आपोआप सुटेपर्यंत.

खडेबाजारात एक मामा अजून ही कामं करतात. त्यांनी आधीच सांगितलं, बुरशीची कॅसेट तशीच मशीनमध्ये घालू नका, रीळ वाचणारं हेड खराब होतं आणि त्यानंतर घातलेल्या कॅसेटलापण ती लागते. त्यांनी पाच स्क्रू काढून कॅसेट उघडली आणि रीळ हळूहळू फिरवत पुसलं. तीन तासांच्या कॅसेटमध्ये अडीचशे मीटरच्या वर रीळ असतंय! आणि कॉम्प्युटरवर घ्यायचं तर तीन तासांना तीनच तास लागतात, घाई चालत नाही. मशीन जपूनच वापरतात ते, कारण जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ च्या जुलैत व्हीसीआर बनवणं बंद केलं, ते शेवटचे होते.

मी तिथंच स्टुलावर बसून सगळं बघितलं. उखाणा आला आणि चित्र फाटलं, नुसत्या आडव्या रेघा, चित्र जुळवायचं ट्रॅकिंगचं बटण किती फिरवलं तरी काही नाही. मामा म्हणाले, "इथं लई वेळ पॉज केलासा बघा." पॉज केलं की रीळ थांबतं पण हेडचा ड्रम मिनिटाला दीड हजार फेरे फिरतच असतो, त्याच एका जागेवर घासत. म्हणजे आम्हीच झिजवलं तिला, बघून बघून. मला तिथंच रडू आलं.

पण आवाज होता. आवाजाची पट्टी रिळाच्या कडेला वेगळी असते, तिचं हेड फिरत नाही, त्यामुळं पॉजमध्ये तिला काही होत नाही. नशिबानं त्या जागी गाणंपण घातलेलं नव्हतं. पॉज केला की आवाज बंद व्हायचा आणि आम्ही तर नेमकं तिथंच थांबवायचो, त्यामुळं तिचं पुढचं हसणं इतक्या वर्षांत आम्ही कुणी नीट ऐकलंच नव्हतं. मोठ्यानं हसते ती, मध्येच खोकते, आणि म्हणते, "अगो बाई, परत सांग की!"

घरी येऊन आईला लावून दाखवलं. पडद्यावर रेघा आल्या तसा सवयीनं माझा हात पॉजवर गेला.

"काय करालीस गं," आई म्हणाली, "चालू दे."